चार सुरांचा फोन आणि समेवरचा गायब सूर: जुन्या गेमांचं संगीत करतानाच्या आठवणी

कोमल_निषाद (सांगली), शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, लिहीन लिहीन म्हणता दोन दिवाळ्या गेल्या. परवा माळा झाडताना बिस्किटाच्या डब्यात जुना नोकिया ६६१० सापडला आणि तेव्हापासून डोक्यात तीच टिंगटिंग चालू आहे, म्हणून शेवटी बसलो. मोठं होणारे, आधीच सांगतो, चहा घेऊन बसा.

२००३ ते २००६ मी पुण्यात एका छोट्या कंपनीत मोबाईलवरच्या जावा गेमांना संगीत द्यायचो. संगीतकार हे फक्त घरच्यांना सांगायला, पगाराच्या पावतीवर माझं पद होतं "कंटेंट". सहा हजार रुपये, दोन वेळचा चहा आणि एक कीबोर्ड ज्याचा मधला गंधार दाबला की वर यायचा नाही. गेममध्ये नाव कुणाचंच यायचं नाही, त्याचं दुःख तेव्हा फार वाटायचं, आता वाटत नाही, का ते पुढं कळेल.

तर त्या फोनांचं गणित असं की अख्खा गेम ६४ केबीत बसला पाहिजे, नाहीतर फोन तो घ्यायचाच नाही. आज व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगचं एक फूल येतं ते याच्यापेक्षा मोठं असतं. त्या ६४ मध्ये कोड, मैदान, बॅट्समन, अंपायर, स्कोअरबोर्ड सगळं कोंबून झालं की प्रोग्रामर वळून विचारायचा, "तुला तीन केबी पुरतील ना?" म्हणजे लग्नात पंगत उठल्यावर वाढप्याला विचारतात तसं. मिडी फाइल म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे, नुसतं नोटेशन असतं, अमुक सूर धर, अमुक सोड, वाजवायचं काम फोनच्या आतल्या चिपचं. त्यामुळं तीन केबीत टायटल, चौकार, षटकार, आउट आणि हरल्यावरचं रडगाणं असं सगळं बसायचं, पण बसवताना घाम निघायचा. सूर सोडायला मिडीत वेगळी आज्ञा आहे, ती वापरायची नाही, त्याऐवजी तोच सूर शून्य जोरानं "वाजवायचा", म्हणजे दरवेळी एक बाइट वाचतो. सगळे सूर एकाच जोरानं वाजवायचे, म्हणजे झिप होताना फाइल जास्त दबते. आणि एक आवर्तन जसंच्या तसं चार वेळा आलं तर जवळजवळ फुकट, पण तिसऱ्यांदा जरा हरकत, म्हणजे सुरांची छोटीशी नक्षी, घेतली की लगेच फुगली. आमच्या घरी भजनी मंडळाची पेटी, हरकत घेतल्याशिवाय हात पुढं जात नाही, आणि इथं हरकतीला बाइट मोजावे लागायचे!

त्यात त्या ६६१० ला एका वेळी चारच सूर वाजवता यायचे. पाचवा आला की कुणालातरी हाकलणार.

२००४ मध्ये एक क्रिकेटचा गेम केला. टायटलला मी भूप घेतला, पाचच स्वर, कुठंही फिरवा बेसूर होत नाही आणि पोरांच्या कानाला गोड. चाल साधी होती, सा रे ग, ग प ध, प ग रे, सा आणि तो सा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. खाली सा-प चा आधार, आणि तबल्याच्या ऐवजी ड्रमचा ठेका. कॉम्प्युटरवर ऐकलं, झकास. सोळा सुरांच्या फोनवर ऐकलं, झकास. गेला गेम बाहेर.

चार महिन्यांनी सांगलीला आलेलो, मिरजेकडं जाणाऱ्या शहर बसमध्ये उभा होतो, विश्रामबागच्या पुढं. समोरच्या सीटवर दहा-अकरा वर्षांचा पोरगा, दप्तर मांडीवर, खिडकीतून बघत काहीतरी गुणगुणत होता. कान टवकारले तर माझीच चाल! अंगावर काटा आला राव. सा रे ग, ग प ध, प ग रे, आणि मग... टक. जिभेनं टाळूवर टक. सा म्हटलाच नाही त्यानं. परत पहिल्यापासून, परत शेवटी टक. मला वाटलं उचकी लागली असेल. चार वेळा ऐकलं, चारी वेळा समेला टक.

पुण्याला गेल्या गेल्या चार सुरांचा फोन मागितला. कंपनीत तसा एकच होता, टेस्टिंगवाल्याकडं, आणि तो कायम सायलेंटवर (साहेबांना आवाजाचा त्रास व्हायचा). आवाज चालू करून ऐकलं आणि कपाळावर हात मारला. समेवर आधाराचे दोन सूर, ड्रमचे दोन ठोके, मग माझ्या सा ला जागाच नाही, पाचवा झाला ना तो. फोननं नेमका तोच हाकलला आणि उरला नुसता ठोका. एससात पोराचं काही चुकलं नव्हतं, त्याच्या फोनवर जे वाजत होतं तेच तो इमानदारीत म्हणत होता, ठोक्यासकट.

चूक पूर्ण माझीच. कमी सुरांच्या फोनसाठी स्केलेबल पॉलिफनी नावाची सोय तेव्हा आलेली होती, फाइलच्या सुरवातीला तक्ता लिहायचा की जागा कमी पडली तर आधी कुणाला गप्प करायचं. मी तो तक्ता लिहिलाच नव्हता. माहीतच नव्हतं, खोटं कशाला बोलू.

बाकीचं हळूहळू लिहितो. तुमच्या आठवणी टाका.


कॉन्ट्रा_तीस_जीव (इस्लामपूर), शनिवार, रात्री १२:१५

बाबो!! टक वाचून हसून हसून बायको उठली 😂 ("एससात" काय हो, झोपेत टाइप केलंय)

आमच्याकडं एसटी स्टँडच्या मागं एक व्हिडिओ गेमचा गाळा होता, दोन टीव्ही, एक रुपयात तीन जीव. पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं ९९९ गेम आणि आत खरे आठ-दहाच, बाकी तेच रंग बदलून. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. कॉन्ट्राचा वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए हा मंत्र मला पाढ्यांच्या आधी पाठ होता. तो कोड मुळात कोनामी या जपानी गेम कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतोनं १९८६ साली ग्रॅडियस या गेमसाठी घातलेला, कारण टेस्ट करताना त्याला स्वतःलाच गेम जड जात होता. २०२० मध्ये वारला तो, तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर लोकांनी श्रद्धांजली म्हणून नुसते बाण टाकलेले.

एक शंका आहे निषादराव. यूट्यूबवर ओरिजिनल मारिओ ऐकला तर मला तो पळाल्यासारखा वाटतो, आणि आवाजही काहीतरी वेगळाच. माझे कान गेले का?


कोमल_निषाद, रविवार, सकाळी ७:३०

"एससात" म्हणजे "म्हणजे", कसं झालं काय माहिती, एडिट होत नाहीये आता. राहू दे.

भावा तुझे कान एकदम शाबूत आहेत. हा माझ्या फार जवळचा विषय, जरा सविस्तर सांगतो.

मूळ मशीन निन्टेंडोचं फॅमिकॉम, १९८३, जपान. आवाज त्याच्या मेन चिपमध्येच, पाच वाटा. दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक नुसता खरखराट आणि एक छोटे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवायला. आपल्याकडं गल्लोगल्ली आलं ते त्याची नक्कल केलेलं मशीन. आता त्या गेमांचं संगीत पुढं सरकतं ते टीव्हीच्या चित्राबरोबर, प्रत्येक चित्राला एक पाऊल. जपान-अमेरिकेत सेकंदाला ६० चित्रं, आपला टीव्ही पाल (PAL) पद्धतीचा, त्यामुळं ५०. नकलेत गेम तोच जपानी नाहीतर अमेरिकन घातलेला, कुणी दुरुस्त करत बसलं नाही. म्हणजे तिकडं सहा पावलं पडतात तेवढ्या वेळात आपल्याकडं पाच. लय सरळ उतरली. पण चिपचा स्वतःचा वेग अशा नकलेत जवळजवळ मूळचाच ठेवलेला असायचा, त्यामुळं पट्टी फार हलली नाही. टेप हळू फिरली की सूरही खाली येतो, तसं हे नाही. द्रुतातली चीज कुणी त्याच पट्टीत मध्य लयीत गायली, तसं.

आणि आवाज वेगळा वाटतो ते पण खरंय. चौकोनी लहरीची रुंदी बदलता येते, साडेबारा टक्के, पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर. पन्नासला पोकळ, लाकडी पाव्यासारखा आवाज, कारण त्यात फक्त विषम स्वरांश (मूळ सुरात मिसळलेले वरचे बारीक सूर) असतात, पहिला, तिसरा, पाचवा असे. पंचवीसला सगळे येतात, फक्त दर चौथा गायब, म्हणून तो नाकातला, सनईच्या अंगाचा. नक्कल करणाऱ्यांच्या बऱ्याच चिपांमध्ये या पंचवीस आणि पन्नासची अदलाबदल झालेली! म्हणजे कंपोझरनं पावा लिहिला तिथं आपण सनई ऐकली, आणि सनई लिहिली तिथं पावा. कोजी कोंदोनं १९८५ ला मारिओची चाल जशी लिहिली तशी ती आपल्यातल्या कित्येकांनी लहानपणी ऐकलेलीच नाही.

मला हे कळलं तेव्हा आधी फसवल्यासारखं वाटलं. मग मिरजेच्या काकांकडं बोललो, त्याबद्दल वेगळं लिहितो, आत्ता हळदीच्या सौद्याला जायचंय.


पेठेतला_माणूस (पुणे), रविवार, सकाळी १०:०५

रागावू नका, पण या सगळ्याला संगीत म्हणणं जरा जास्त होतंय. तीन-चार टिंटिं आवाज, त्यात ना भाव ना श्रुती. लहानपणी ऐकलं म्हणून गोड वाटतं, एवढंच. आजच्या पोराला ऐकवा, दहा सेकंदात बंद करेल.


तंबोऱ्याची_तार (मिरज), रविवार, दुपारी २:२०

पेठेतले दादा, मी गाणं शिकवते, तीस वर्षं झाली, म्हणून दोन शब्द.

"तीन-चार आवाज" याच्यात कमीपणा काय आहे ते मला समजलं नाही. आपल्या बैठकीत किती आवाज असतात? एक गळा, एक तंबोरा, एक तबला, फार तर पेटी. झाले चार. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथं मिरजेत राहिले, त्यांच्या नावानं दर्ग्यात दरवर्षी रात्ररात्र गाणं होतं, तिथं कुणी म्हणत नाही की चारच आवाज आहेत, उठा. उलट ज्यांच्याकडं कॉर्ड लावायची सवय त्यांना चार सूर म्हणजे अडचण. एका वेळी तीन सूर दाबले की संपलं त्यांचं भांडवल.

माझ्या मुलानं मला ते जुने गेम ऐकवलेत. एक गोष्ट कानाला लागली, काही ठिकाणी सूर थरथरतो, पाण्यावर ऊन हलावं तसा. ते काय असतं, निषाद?


कोमल_निषाद, रविवार, रात्री ९:४०

ताई नमस्कार. तो कॉर्ड नसणाऱ्यांचा जुगाड! तीन सूर एकत्र वाजवायला वाटा नाहीत, मग एकाच वाटेवर सा, ग, प असे सेकंदाला पन्नास-साठ वेळा बदलत फिरवायचे. कानाला वाटतं तिन्ही एकदम वाजताहेत, फक्त थरथरत. कमोडोर ६४ या जुन्या कॉम्प्युटरवर तर हा प्रकार इतका झाला की तोच त्या मशीनचा आवाज होऊन बसला, त्याच्या सिड चिपला तीनच वाटा होत्या ना.

पेठेतले साहेब, श्रुतीचं म्हणाल तर त्या चिपला सा रे ग काही कळतच नाही. तिला अकरा बिटांचा एक आकडा द्यायचा, त्यावरून सूर ठरतो. ४४० हर्ट्झ पाहिजे तर २५३. आकडा एकेक करून हलवत न्या, मींड निघते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. वरच्या सप्तकात दोन आकड्यांमधली उडी मोठी होते, तिथं जरा खडबडीत, पण मंद्रात अगदी लोण्यासारखी. पेटीवर काढून दाखवा मींड. 🙂

आता काका. माझे चुलत काका मिरजेत तंबोरे करायचे, पंढरपूरकडचे भोपळे आणून दुकानात टांगलेले असायचे, आम्ही पोरं टिचकी मारून पळायचो. शाळेच्या सुट्टीत मी तिथंच. जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारा, काढताना ते तारेखालच्या घोडीवर कानस इतक्या हलक्या हातानं फिरवायचे की वाटायचं नुसती पुसताहेत. मग तार छेडायची, डोळे मिटायचे, परत एक हात. तारेखाली सुताचा दोरा सरकवून बघायचे, केसाएवढा सरकला तरी आवाज बंदचा खुला, खुल्याचा बंद. सूर तोच असतो हो, तार तीच, ताण तोच. बदलतात ते आतले स्वरांश.

तर नकली चिपमधली ती अदलाबदल मी त्यांना सांगितली, माझ्या रडक्या आवाजात, की आम्ही आयुष्यभर चुकीचा मारिओ ऐकला. त्यांनी कानस खाली ठेवली नाही. म्हणाले, "जवारी बदलली म्हण की." आणि मग म्हणाले गवई येतो तो एकाची जवारी ऐकतो आणि म्हणतो मला अशीच पाहिजे, मी त्याला म्हणत नाही की ती माझ्या हातून जास्त घासली गेलीय.

तेव्हापासून मी भांडणं सोडली. माझ्या क्रिकेटच्या गेमबद्दल पण. पुढच्या आवृत्तीत तक्ता लिहिला, सा परत आणला, सगळं शास्त्रशुद्ध केलं. आणि खरं सांगू का, तो टकवालाच बरा होता. सा आल्यावर चाल संपायची. टक होता तोवर ऐकणाऱ्याच्या मनात सा वाजायचा आणि हात परत पहिल्यापासून सुरू करायचा.


निवृत्त_मास्तर (सातारा), सोमवार, सकाळी ६:१०

आपल्या चर्चेत एका सत्तरीच्या माणसाला जागा असेल तर लिहितो.

आम्ही शाळेत एक डीबी स्पेक्ट्रम घेतला होता, पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीचा. इंग्लंडच्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमचीच इकडची जोडणी. कार्यक्रम टेपरेकॉर्डरवरून चढवायचा, पाच मिनिटं किंकाळ्या ऐकायच्या आणि शेवटी चूक झाली की परत पहिल्यापासून. शिपाई म्हणायचा, मास्तर याला कोंबड्यासारखं काय होतंय.

त्याला आवाजाची एकच वाट होती, आणि तीही नुसती चालू-बंद. आवाज निघत असताना बाकी सगळं काम थांबायचं, कारण तोच मेंदू स्पीकर हलवत बसायचा. पण बीप ही जी आज्ञा होती तिला दोन आकडे लागायचे, किती वेळ आणि कोणता सूर. मध्य सप्तकातला सी म्हणजे शून्य, पुढं अर्ध्या सुराला एकेक. आणि त्याच्या मूळ इंग्रजी पुस्तिकेत चक्क लिहिलेलं होतं की भारतीय संगीतात अर्ध्या सुरापेक्षा लहान अंतरं असतात, तीही या आज्ञेत अपूर्णांक टाकून मिळतील. मी ते वाक्य वाचून खुर्चीतून उठलो होतो. विलायतेत बसून पुस्तिका लिहिणाऱ्याला आपली आठवण यावी!

मग काय, दरबारीचा गंधार. साधा कोमल म्हणजे ३. मी टाकला २.८. आमचे संगीताचे शिक्षक म्हणाले अजून खाली, २.७ करा. मी म्हटलं मग तो रिषभाला चिकटतो. पाऊण तास वाद झाला, शेवटी मुख्याध्यापक आले आणि विचारलं की हे यंत्र गणितासाठी घेतलंय ना.


कॉन्ट्रा_तीस_जीव, सोमवार, सकाळी ९:००

मास्तर तुम्ही जिंकलात, धागा बंद करा 🙏🙏 २.७ की २.८ वर पोल घ्या कुणीतरी


पेठेतला_माणूस, सोमवार, सकाळी ११:३०

श्रुतीचा मुद्दा मागे घेतो. भावाचा घेत नाही. (२.८.)


तंबोऱ्याची_तार, सोमवार, दुपारी १:१५

२.७. आणि तोही स्थिर नाही, आंदोलित. एका आकड्यात मावणारच नाही तो.


वालचंदी_पोरगं (सांगली), सोमवार, संध्याकाळी ६:४५

सर मी इंजिनिअरिंगला आहे, मला असं संगीत करून बघायचंय, सुरवात कुठून करू? खर्च किती? आणि मला पेटी-तबला काही येत नाही, चालेल का?


कोमल_निषाद, सोमवार, रात्री १०:२०

खर्च शून्य. फॅमिट्रॅकर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं, फॅमिकॉमच्या त्या पाच वाटा पाच उभ्या रकान्यांत दिसतात. वरून खाली वाजत जातं, हिशेबाच्या वहीसारखं. पहिल्यांदा तीनच रकाने वापर. एका चौकोनी लहरीवर चाल, त्रिकोणीवर आधार, खरखराटावर ठेका. त्रिकोणीला आवाज कमी-जास्त करता येत नाही, एकतर आहे किंवा नाही, म्हणून ती डग्ग्यासारखी तुटक वाजवून बघ, मजा येईल. आणि एक चौकोनी मोकळी ठेवायची सवय लाव. गेममध्ये नाणं घेतलं, उडी मारली की तो आवाज पण याच वाटांवरून जातो, तेवढ्यापुरता तिथला सूर कापला जातो. म्हणजे तिथं महत्त्वाचं काही ठेवलंस तर तुझाही टक होणार.

पेटी येत नसली तर उत्तमच, हरकत घ्यायचा मोह होणार नाही.

बरं, मुख्य राहिलं. त्या ६६१० चा चार्जर कुणाकडं आहे का? जाड पिनेचा, पुढं बारीक पिन आली तो चालत नाही. मारुती रोडला चार दुकानं फिरलो, एकानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं नुसतं. फोनमध्ये ती पहिली आवृत्ती असावी, कंपनी बंद झाली तेव्हा टेबलावरचं जे हाताला लागलं ते घेऊन आलो होतो पगाराच्या बदल्यात.


तंबोऱ्याची_तार, मंगळवार, सकाळी ८:३०

आमच्याकडं आहे. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पिन म्हणून डब्यात ठेवलेला, कशालाच बसत नव्हता. क्लासवर या, पाचनंतर.


कोमल_निषाद, मंगळवार, संध्याकाळी ६:०५

ताईंच्या क्लासवरून लिहितोय. बॅटरी जरा फुगलीय पण घेतलं चार्जिंग. चालू झाला! नोकियाचे ते हात हातात येऊन, निळा प्रकाश, सगळं. पण सिक्युरिटी कोड मागतोय.


कॉन्ट्रा_तीस_जीव, मंगळवार, संध्याकाळी ६:०७

१२३४५ टाका. नाहीतर वर वर खाली खाली.


कोमल_निषाद, मंगळवार, संध्याकाळी ६:१४

१२३४५ चाललं. गेम आहे. क्लासची सात-आठ पोरं गोळा झालीत, ताईंनी तंबोरा थांबवला. टायटल आलं, बॅट्समन हलतोय, आवाज काहीच नाही.

थांबा. फोन सायलेंटवर आहे.